मूठभर बर्फ

मासा कुणामुळे नासला हे धक्क्यावर विचारून बघा. होडीवाला म्हणेल, भरणाऱ्या बायकांनी उशीर लावला. भरणाऱ्या बायका म्हणतील, ड्रायव्हरनं गाडी उन्हात लावली. ड्रायव्हर म्हणेल, माल होडीतूनच शिळा उतरला. मासा तेवढा गप्प असतो, कारण त्याला जे सांगायचं ते तो वासानं सांगतो. असली भांडणं रोजचीच, कुणी फार मनावर घेत नाही. पण या वेळी ज्या दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं ते एकाच घरात राहत होते, आणि नात्यानं सासू आणि जावई होते. त्यातही जावई घरजावई.

सासूला धक्क्यावरच्या मासे भरायच्या शेडमध्ये सगळे मीटरमावशी म्हणत. माशाच्या कल्ल्यात दोन बोटं सारून ती सांगायची, "हा आतून अजून कोमट आहे, याला थोडा वेळ बर्फात लोळवा." एका शंकेखोरानं एकदा खरोखरच तापमान मोजायचा मीटर आणून माशाच्या पोटात खुपसला होता. मीटरनं मावशीचीच बाजू घेतली. तेव्हापासून हे नाव तिला चिकटलं, आणि तो मीटर कुठल्याशा कपाटात धूळ खात पडला.

पण तिची खरी ख्याती मुठीची. शेडमध्ये बर्फाच्या लाद्या यायच्या, दातेरी यंत्रात जायच्या आणि दुसऱ्या बाजूनं त्यांचा भुगा पडायचा. प्रत्येक घाणा पडला की मावशी पुढे व्हायची, ढिगात हात घालायची आणि मूठ आवळायची. बघायची मात्र भलतीकडेच, दारातल्या मांजराकडे नाहीतर छताकडे. बर्फ बारीक असला की मुठीत ओल्या साखरेसारखा बसतो. जाड असला की टोचतो. टोचला तर मावशी म्हणायची, "परत दळ." नाही टोचला तर नुसतं "हं". ते "हं" आलं की दहा बायका एकदम पेट्यांवर वाकायच्या. तळाला बर्फ, त्यावर मासे, मासे झाकतील इतका बर्फ, पुन्हा मासे, आणि शेवटी वर जाडजूड थर. मावशीनं "हं" म्हटल्यावर बर्फाकडे पुन्हा बघायची कुणाची छाती नव्हती. गरजही नव्हती. तीस वर्षांत ते "हं" कधी खोटं ठरलं नव्हतं.

जावई हाच माल गाडीत घालून लांबच्या शहरात न्यायचा. तीनशे किलोमीटर, घाऊक बाजाराच्या दारापर्यंत. गाडीची मागची खोली जाड भिंतींची, ती गार ठेवायला यंत्र, आणि पुढे स्टिअरिंगजवळ आकडा दाखवणारी छोटी काच. आकडा दोनवर ठेवायचा. नवीन लग्न झालं तेव्हा सासूवर छाप पाडायला म्हणून त्यानं आकडा शून्याच्या पाच खाली नेऊन ठेवला होता. बर्फ जसाच्या तसा राहिला आणि मासे फळीसारखे कडक झाले. मावशीनं सगळ्या शेडदेखत त्याची शाळा घेतली. "जावईबापू, बर्फ वितळायलाच हवा. वितळता वितळता तो माशातली ऊब ओढून घेतो, आणि त्याचं पाणी माशाला धुऊन काढतं. वितळत नाही तो बर्फ कसला? तो दगड." त्या दिवसापासून बिचाऱ्यानं दोनचा आकडा सोडला नव्हता.

असं सगळं सुरळीत चाललं असताना घाऊक बाजारात माल घेणाऱ्या बाईंचा निरोप आला. लागोपाठ दोन खेपांचा माल खराब. माशांच्या अंगावर खळगे, पोटं मऊ.

आता ताज्या माशाच्या अंगावर खळगे दोनच कारणांनी पडतात. एक तर बर्फाचे खडे मोठे असले, म्हणजे ते माशात रुततात आणि खड्यांच्या मधल्या फटींत ऊब राहते. नाहीतर गाडी खड्ड्यांतून आपटत नेली, म्हणजे पेट्या उसळून मासे चेंगरतात. थोडक्यात, एक तर सासू नाहीतर जावई.

शेडचा मालक तसा सज्जन, पण भांडण दिसलं की त्याला नेमकं दुसरीकडे काम निघायचं. त्यानं दोघांना समोर उभं केलं आणि स्वतः चपला घालता घालता निकाल दिला. "तिसरी खेप अशी गेली तर हे गिऱ्हाईक तुटलं म्हणून समजा. मग दोघांतल्या एकाला घरी बसावं लागेल. कोणी, ते मला विचारू नका. तुमचं तुम्ही ठरवून मला सांगा." आणि गेला.

घरी जेवताना तीन माणसं आणि सहा भांडी, पण आवाज फक्त भांड्यांचा. मावशी वाढताना लेकीला सांगायची, "त्यांना म्हणावं, हळू चालवली म्हणून गाडी काही रुसत नाही." जावई ताटाकडे बघत बायकोला म्हणायचा, "यांना म्हणावं, रस्ता मी खणलेला नाही." याच्या पुढचं जे मनात होतं ते त्याच्या ओठांवर येऊन परत जायचं. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? घर सासूचं, छप्पर सासूचं, आणि तो ज्या खाटेवर झोपायचा तीसुद्धा सासूच्या लग्नातली.

बायको शेडमध्ये काट्यावर होती, माल तोलायची. तोलून मापून बोलायची तिला सवय. चौथ्या दिवशी तिनं हात धुतले आणि सांगून टाकलं, "या खेपेला आई, तू गाडीतून जा. दोघं मिळून जा, दोघं मिळून बघा, आणि घरी येताना एकच खरं घेऊन या. दोन खरी घेऊन आलात तर मी दार उघडणार नाही."

पहाटे पाचला गाडी निघाली. निघण्याआधी यंत्राखाली ढीग पडला, मावशीनं मूठ आवळली, दारातल्या मांजराकडे पाहिलं आणि म्हणाली, "हं." चाळीस पेट्या भरल्या गेल्या. मग ती पदर खोचून गाडीत चढली आणि मांडीवर डब्याची पिशवी घट्ट धरून, परीक्षा घ्यायला आलेल्या मास्तरणीसारखी बसली.

जावयानं त्या दिवशी गाडी अशी चालवली की मागून येणाऱ्या सायकलवाल्यानं घंटी वाजवावी. खड्डा दिसला की आधी थांबायचा, मग एकेक चाक उतरवायचा. तरी शेजारून प्रत्येक वेळी "अगं आई गं" ऐकू यायचंच. एकदा तर सरळ गुळगुळीत रस्त्यावरसुद्धा आलं.

"इथे कुठे खड्डा होता?" त्यानं विचारलं.

"पुढच्या खड्ड्याचं आधीच म्हणून ठेवलं," मावशी म्हणाली.

त्याला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. आज हसायचं नाही असं त्यानं ठरवून टाकलं होतं. खरं सांगायचं तर त्यानं मनात आणखी एक गोष्ट ठरवली होती. आज चूक हिचीच निघणार. निघायलाच हवी. गाडी चालवण्यावाचून त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि सासूच्या घरात बिनकामाचा जावई होऊन राहण्यापेक्षा त्यानं समुद्रात उडी घेतली असती.

दुपारी अर्ध्या रस्त्यात एका चहाच्या टपरीशी, झाडाच्या दाट सावलीत त्यानं गाडी लावली. चहावाल्यानं उकळता चहा काचेच्या ग्लासांत ओतला. जावयानं आपला ग्लास शर्टाच्या टोकात धरला, तरी बोटं भाजली. मावशीनं आपला ग्लास उघड्या तळव्यात धरला आणि गप्पा मारत बसली. जुनी हाडं, त्याला वाटलं. बायकांचे हात चुलीपुढे निबर होतात, असंही वाटलं.

मग मावशी उठून गाडीच्या मागे गेली. मागच्या कोपऱ्यात तळाला एक नळी होती, तिच्यातून वितळलेलं पाणी थेंब थेंब गळायचं. पाणी स्वच्छ असलं की समजायचं, आत सगळं ठीक आहे. मावशी वाकली. पाणी गुलाबीसर होतं.

"बघा," ती म्हणाली. "हाताच्या कांकणाला आरसा कशाला? मासा रक्त गाळतोय. हा तुमच्या खड्ड्यांचा प्रताप."

"आज एक तरी खड्डा लागला का? तुम्हीच सांगा, आई."

खड्डा लागला नव्हता हे मावशीलाही माहीत होतं. "उघडा दार," ती म्हणाली. "दाराजवळची एक पेटी बघू. पटकन, गारवा जाईल."

त्यानं दार उघडलं, पहिल्या पेटीचं झाकण काढलं. मावशीनं कोपरापर्यंत हात आत घातला, बर्फ बाजूला केला, एक मासा उचलून बघितला. माशाच्या चंदेरी पोटावर अंगठ्याएवढे तीन खळगे होते. तिनं मासा परत ठेवला, हात बाहेर काढला आणि पदराला पुसला.

पदराला लाल डाग लागला. जावयानं आधी तो डाग पाहिला, मग तिचा हात. पहिल्या बोटाचं टोक चांगलं फाटलं होतं आणि रक्त मनगटाकडे ओघळत होतं. माशाचं रक्त असं ताजं वाहत नाही. मावशी मात्र बोटाकडे बघतसुद्धा नव्हती. ती नळीतून गळणाऱ्या पाण्याकडे बघत होती.

त्यानं झाकण लावण्याचं निमित्त करून स्वतःचा हात बर्फात घातला आणि मूठ आवळली. बर्फ टोचला. नुसता टोचला नाही, काचेच्या फुटक्या बरणीत हात घातल्यासारखं झालं. वर भुगा होता आणि आत खडे होते, सुपारीएवढे, काही तर त्याहून मोठे.

आणि मग त्याला सगळं एकदमच कळलं. चहाचा ग्लास कळला. गेल्या महिन्यात तव्यावर हात टेकला तरी ती हात काढत नव्हती, बायकोनं ओरडून काढायला लावला होता, तेही कळलं. सुईत दोरा ओवायला हल्ली ती शेजारणीला का बोलावते, हेही कळलं. तीस वर्षं बर्फात राहून मावशीची बोटं मेली होती. ती रोज मूठ आवळत होती, आणि मुठीत काहीच टोचत नव्हतं.

झालं, सुंठीवाचून खोकला गेला. चार दिवस ज्या पुराव्याची तो वाट बघत होता तो समोर बर्फात पडला होता, वर रक्ताची सहीसुद्धा होती. एक वाक्य बोललं की नोकरी वाचत होती. त्यानं तोंड उघडलं. मावशी वाकून, गुडघ्यावर हात ठेवून, त्या गुलाबी पाण्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा त्यानं कधी पाहिला नव्हता इतका लहान झाला होता. त्याला तिचं वाईट वाटलं. आपल्याला हिचं वाईट वाटतंय याचा थोडा रागही आला.

"आई," तो म्हणाला, "गारव्याचं यंत्र आचके देतंय मघापासून. मी बोललो नाही. आकडा दोनवर दिसतो, पण मध्येच वर जातो. बहुतेक त्यानंच झालं असणार. पुढे वीस किलोमीटरवर बर्फाचा कारखाना आहे. तिथे बर्फ बदलून घेऊ."

यंत्र ठणठणीत होतं. मावशीनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या अंगात पुन्हा जीव आला.

"मी म्हणत नव्हते?" ती म्हणाली. "मी तर पहिल्यापासून म्हणतेय, गाडीचंच काहीतरी आहे. चला लवकर. आणि तुमच्याकडे चिंधी आहे का एखादी? पदराला कसला डाग लागला बघा."

त्यानं चिंधी दिली. तिनं पदर पुसला. बोट त्यानंच धरून बांधलं, "खिळा लागला असेल दाराचा" असं म्हणत. त्यानं चिंधी चांगली घट्ट आवळली तरी तिनं हूं की चूं केलं नाही.

बर्फाच्या कारखान्याचा मालक भला माणूस निघाला. त्यानं आतली गार खोली मोकळी करून दिली, दोन माणसं मदतीला दिली, आणि यंत्र सुरू केलं. चाळीस पेट्या आत आणून ओळीनं मांडल्या. नव्या बर्फाचा पहिला ढीग पडला. सवयीनं मावशी पुढे झाली. बांधलेलं बोट वर ठेवून तिनं उरलेल्या बोटांनी मूठ भरली, आवळली, छताकडे पाहिलं आणि म्हणाली, "हं."

ढिगात लाद्यांचे मोठमोठे तुकडे दिसत होते. खेड्यातलं यंत्र, दात झिजलेले. कारखान्याची दोन माणसं फावडी घेऊन पुढे सरसावली.

"थांबा," जावई म्हणाला. "आई, एकदा परत दळून घेऊ."

"का? चांगला आहे की."

खोटं बोलायचं तर गारव्याच्या यंत्राबद्दल बोलता येत होतं. पण पेट्या या बर्फानं भरल्या तर संध्याकाळी बाजारात माल फेकला जाणार होता, आणि मग खोटं-खरं दोन्ही सारखंच झालं असतं. मावशीनं त्याच्याकडे पाहिलं, मग ढिगाकडे पाहिलं. बहुतेक कितीतरी महिन्यांनी तिनं बर्फाकडे डोळ्यांनी पाहिलं. मग बोटाच्या चिंधीकडे पाहिलं. चिंधी भिजून लाल झाली होती.

"तुम्हांला टोचतंय?" तिनं हळूच विचारलं.

"टोचतंय, आई."

"फार?"

"फार."

मावशी एका पालथ्या पेटीवर बसली. कारखान्याच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते शहाण्यासारखे बाहेर गेले.

"गेल्या वर्षीपासून बोटांना मुंग्या यायच्या," ती म्हणाली. "मग मुंग्या यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, बरं झालं. आणि बर्फ टोचेनासा झाला तेव्हा मला वाटलं, यंत्राला नवे दात बसवलेत. खरंच हो, असंच वाटलं. बर्फ हल्ली फार मऊ येतो असं मी चार जणींना सांगितलंसुद्धा. माल खराब निघाल्याचा निरोप आला तेव्हा शंका आली. मग मी तुमच्यावर आरडाओरडा केला." तिनं नाक ओढलं. "तीन दिवस हेच मागत होते देवाकडे, की चूक जावयाची निघू दे. असलं मागतं का कुणी? पोटच्या पोरीच्या नवऱ्यासाठी?"

"मीही तेच मागत होतो," जावई म्हणाला. "तुमच्यासाठी."

मावशीनं वर पाहिलं. मग डोळ्यांत पाणी असतानाच ती हसायला लागली. "म्हणजे देवाची पंचाईत झाली असेल. एकाच घरातून दोन अर्ज."

आता त्यालाही हसू दाबता येईना. दोघं त्या गार खोलीत, नासायला निघालेल्या चाळीस पेट्यांच्या मध्ये बसून हसले. मग मावशी उठली, कारण मासे काही त्यांच्या हसण्यासाठी थांबणार नव्हते.

"यंत्राचं ते आचके वगैरे खोटं होतं ना?" तिनं उठता उठता विचारलं.

"हो."

"वाटलंच. तुम्हांला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. पण मला ते खरं हवं होतं, म्हणून मी चालवून घेतलं. आणा तो बर्फ इकडे."

बर्फ तीनदा दळून घेतला. दर वेळी जावयानं मूठ आवळली आणि सांगितलं. पहिल्यांदा टोचतंय, दुसऱ्यांदा थोडं टोचतंय. तिसऱ्यांदा त्याला कळेना. "टोचतंयही आणि नाहीही," तो म्हणाला. मावशीनं त्याच्या मुठीतला बर्फ उचलला आणि आपल्या गालाला लावला. डोळे मिटले. "गालाला अजून कळतं," ती स्वतःशीच म्हणाली. आणि मग मोठ्यानं, "हं."

पुढचे दोन तास हात जावयाचे चालले आणि तोंड मावशीचं. "पोट खाली. खाली म्हणतेय ना! मासा झोपला की उताणा झोपत नाही. कल्ल्यात भरा. दाबू नका, थापा. हात लेकराच्या पाठीवर ठेवता तसा ठेवा." ज्या माशांवर खळगे पडले होते ते तिनं वेगळे काढायला लावले. सहा पेट्या निघाल्या. त्याची बोटं दुखून दुखून बधिर व्हायला लागली तेव्हा तिनं त्याला थांबवलं, त्याचे हात आपल्या पदरात गुंडाळले आणि रंग येईपर्यंत चोळले. "असे पांढरे झाले की लगेच काढायचे," ती म्हणाली. "मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बर्फाला भीत नाही असं दाखवायला ठेवायची तासतास."

बाजारात पोचायला दिवेलागण झाली. घाऊक बाजारातल्या बाई हातात बॅटरी घेऊन उभ्याच होत्या, दोन खेपांचा राग सांभाळून. त्यांनी कल्ले उघडून पाहिले, डोळे पाहिले, पोटावर अंगठा दाबून पाहिला. अंगठा उचलला की पोट पुन्हा वर येत होतं. चौतीस पेट्या झाल्यावर त्या म्हणाल्या, "हा माल बरा आहे. मग या सहा?"

"या सहा माझ्या," मावशी म्हणाली. जावई पुढे झाला होता, यंत्राचं काहीतरी बोलायला. त्याचे कान लाल व्हायच्या आधीच तिनं त्याला बाजूला सारलं. "बर्फ जाड होता, मला कळला नाही. या घेऊ नका. गिऱ्हाईकाला दाखवू नका."

बाईंनी सहा पेट्या बाजूला लावल्या, कागदावर सही केली, आणि जाता जाता म्हणाल्या, "पुढच्या खेपेला असाच भरा."

घरी दार उघडल्यावर बायकोनं दोघांकडे पाहिलं. "किती खरी आणली?"

"एकच," मावशी म्हणाली, आणि आपले दोन्ही हात लेकीपुढे धरले.

दुसऱ्या दिवशी तिनं ते मालकालाही सांगितलं, सगळ्या शेडदेखत, जिथे तीस वर्षं "हं" म्हणत आली होती त्याच जागी उभं राहून. मालक चपला शोधायला लागला. ज्याला हात दाखवले तो डॉक्टर तेवढा घाबरला नाही. त्यानं बोटं टोचून बघितली आणि सांगितलं, गेलेली जाणीव परत येईल याचा भरवसा नाही, आणि उरलेली टिकवायची तर बर्फाला पुन्हा हात लावायचा नाही. मावशी घरी बसली.

घरी बसणं तिला जमत नव्हतं. सकाळी पाचला उठायची आणि घडी घातलेले कपडे उलगडून पुन्हा घडी घालायची. शेडची घंटा वाजली की खिडकीशी यायची. जेवण कमी झालं. टोमणे तर बंदच झाले, आणि जावयाला टोमण्यांवाचून भाजी अळणी लागायला लागली.

मुठीचं काम बायकोकडे आलं होतं. आठवड्यानं ती नवऱ्याला म्हणाली, "मला टोचतं ते कळतं. पण चालेल इतकं टोचतंय की नाही, ते कळत नाही. आईला ते कळायचं."

घर शेडच्या मागच्या गल्लीत, पळत गेलं तर दोन मिनिटांवर. दुसऱ्या दिवशी पहाटे घाणा पडल्याबरोबर जावयानं एक पातेलं भरून बर्फ घेतला, वर ओलं फडकं टाकलं आणि पळत सुटला. मागून शेडमधल्या बायका ओरडल्या, "धावा जावईबापू, धावा, सासूबाई वितळतील!" मावशी दारातच होती. तिनं पातेल्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "डॉक्टर नको म्हणालाय ना?"

"हाताचं म्हणालाय," जावई म्हणाला. "गालाचं नाही."

त्यानं मूठभर बर्फ उचलून तिच्या गालाला लावला. तिनं डोळे मिटले. "हं," ती म्हणाली. तो पळत परत गेला आणि दहा बायका पेट्यांवर वाकल्या.

ते रोजचंच झालं. मालकानं दोनदा विचारलं की गाडी भरायला पाच मिनिटं उशीर का होतो, आणि उत्तर ऐकून चपला घातल्या. घाऊक बाजारातून तक्रार आली नाही. मावशी दारात आधीपासून तोंड धुऊन बसायला लागली, आणि टोमणेही परत सुरू झाले. उशीर झाला की म्हणायची, "बर्फ आणलात की पाणी?"

मग तीन-चार महिन्यांनी एक पहाट अशी आली की जावयानं बर्फ गालाला लावला आणि मावशी काहीच बोलेना. त्याच्या स्वतःच्या मुठीत खडे जाणवत होते. टोचतंय की नाही हे आपण तिला आधी सांगायचं नाही, हे तो पहिल्या दिवसापासून पाळत होता. तो थांबला. ती डोळे मिटून बसली होती. बर्फ वितळून पाणी तिच्या हनुवटीवरून गळ्यात उतरायला लागलं. गालही गेला, त्याला वाटलं. आता कुठे लावायचा? कपाळाला? आणि कपाळ गेलं तर? शेडमध्ये दहा बायका आणि चाळीस पेट्या थांबल्या होत्या. "हं" म्हणू नकोस, तो मनात म्हणत राहिला. काहीही म्हण, पण "हं" म्हणू नकोस.

मावशीनं डोळे उघडले आणि त्याचा हात झटकला.

"केवढा टोचतोय!" ती म्हणाली. "आंधळे आहात का सगळे? परत दळायला सांगा."

खराब बर्फाचा इतका आनंद धक्क्यावर आजवर कुणाला झाला नसेल. जावई पातेलं तिथेच टाकून गल्लीतून पळत सुटला, आणि शेडच्या दारात पोचायच्या आधीच लांबून ओरडायला लागला, "परत दळ! मावशी म्हणतायत, परत दळ!"